डाग

आमच्या तांबट लेनमध्ये डाग या शब्दाला
कुणी नाक मुरडत नाही.
बंब गळाला, घागर बुडाशी पाझरली
की माणसं दादांकडं यायची,
"एवढा डाग देऊन द्या."
दादा आधी सांधा शोधायचे.
काजळीची खूण, मग नवसागर, कथील, विस्तव,
आणि पाणी भरून भांडं रात्रभर कोरड्या फरशीवर.
सकाळी बुडाखाली बोट फिरवायचं काम माझं.
बोट कोरडं, तर गिऱ्हाइकाला निरोप.

त्याच घरात दुसरा एक डाग होता.
तो आई पहाटे अंधारात धुवायची.

चौथ्या दिवशी नहाण, असं सगळ्या जगाचं.
माझा चौथा दिवस अकराव्या दिवशी उजाडायचा.
"आपल्याकडं असंच," आई म्हणायची.
आजीला असंच, गोपिकामावशीला असंच.
मला वाटलं, बसक्या नाकासारखं
हेही घराण्यातलंच.
दप्तर मागं धरून मेनरोडवरून चालत यायचं,
गूळ-शेंगदाणे खायचे,
जिना चढताना तिसऱ्या पायरीवर बसायचं.
अंगावरून जातंय, म्हणायचं
आणि अंगावर काढायचं.

श्रीपादचं नाक एकदा चेंडूनं फुटलं.
अर्धा तास थांबेना,
तर रिक्षा करून सिव्हिलला नेला त्याला.
अर्धा तास!

गोपिकामावशी दिंडोरीला दिलेली.
बाळंत झाली, सगळं नीट झालं,
आणि आठव्या दिवशी दुपारी गेली.
बाळाचं दुपटं वाळायच्या आत.
कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं बाहेरचं.
रक्ताचं कुणीच काही बोललं नाही.
ते तर सगळीकडं दिसत होतं.

आईची पिशवी चौतिसाव्या वर्षी काढली.
टेबलावरच चार बाटल्या चढवल्या.
कागदावर सही दादांची,
ज्या माणसानं उभ्या जन्मात
सांधा न शोधता एक तपेलं मोडीत घातलं नाही.
त्यांना मी बोल लावत नाही.
त्यांना सांधा कुणी दाखवलाच नव्हता.

मला दाखवला तो अक्कलदाढेनं.
कॉलेज रोडवरचा दातांचा डॉक्टर, पोरगेलासा,
दोन दिवस बोळे बदलून घाबरला
आणि पस्तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं,
"ताई, पाळी किती दिवस असते? आणि आईची?"

नमुना मुंबईला गेला. नाव आलं:
व्हॉन विलब्रँड.
आई म्हणाली, "हा मेला कोण?"
डॉक्टरीणबाई हसल्या. मग समजावलं,
रक्त धरून ठेवायला डिंक लागतो एक,
तो तुमच्यात कमी.
त्यांनी कागदावर आमचं घर मांडलं.
गोल बायकांचे, चौकोन पुरुषांचे.
आजीचा गोल काळा, आईचा, माझा.
श्रीपादचा चौकोनही काळा.
गोपिकामावशीचा गोल काळा आणि वर तिरपी रेघ.

त्या रेघेवरून आईनं बोट फिरवलं
सावकाश, बुडाखालून फिरवतात तसं.
"म्हणजे यावर गोळी होती?"

होती. आहे. त्या दिवसांत तीन वेळा घ्यायची.
राहीच्या वेळी तर बाळंतपणाआधीच
रक्तपेढीत फोन झालेला, फाइलवर लाल अक्षरं,
आणि घरी आल्यावरही तीन आठवडे
आई माझ्या उशाशी दिवस मोजत बसलेली.
आठव्या दिवशी ती जेवली नाही.

परवा राहीला पाळी आली. बारावं सरलंय नुकतंच.
तिला वही दिलीय. लपवायची नाही, लिहायची:
किती वाजता, किती भिजलं, जिना चढवला का.
तिचा गोल त्या कागदावर अजून अर्धाच रंगवलेला,
रिपोर्ट यायचाय.

रात्री कुणीच नीट झोपलं नाही.
पहाटे उठले तर आई मोरीत नव्हती.
खिडकीत उभी होती, उजाडायची वाट बघत,
लेकीच्या लेकीची चादर दोन्ही हातांनी ताणून.
खाली लेनमध्ये कुणीतरी पहिला हातोडा घातला.
"चष्मा दे गं माझा," ती म्हणाली,
"किती आहे ते नीट बघू दे."